बत्तीस अक्षरांचा पत्ता

१४ एप्रिल जवळ आला की इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या महूत सगळीकडे मराठी ऐकू येऊ लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मस्थळ पाहायला विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसं येतात. समजा, नागपूरचं एक कुटुंब तिथल्या लॉजवर उतरलं आहे. बॅगा टेकवल्या टेकवल्या पहिला प्रश्न येतो तो वायफायच्या पासवर्डचा. जोडणी नीट होत नाही म्हणून कॉलेजात जाणारी लेक फोनची सेटिंग उघडते. तिथे फोनचा पत्ता दिसतो : १९२.१६८.१.३७. त्याखाली राउटरचा पत्ता : १९२.१६८.१.१.

"बाबा, हा तर आपल्या घरच्या राउटरचा नंबर आहे!"

लेकीचं चुकलेलं नाही. नागपूरच्या घरातला राउटर १९२.१६८.१.१ आणि महूच्या लॉजवरचा राउटरही १९२.१६८.१.१. टपालाच्या जगात दोन गावांतल्या दोन घरांचा पत्ता असा तंतोतंत एक निघाला, तर पोस्टमन डोक्याला हात लावेल. इथे मात्र दोन्हीकडे व्हिडिओ सुरळीत चालतात.

दुसरं कोडं याच आकड्यांत दडलेलं आहे. असे कितीही पत्ते गोळा केले, तरी दोन ठिपक्यांमधला आकडा २५५ च्या वर कधी जात नाही. ९९९ पर्यंत जायला जागा असताना २५५ वरच गाडी का अडते? १९९५ च्या 'द नेट' या हॉलिवूडपटात संगणकाच्या पडद्यावर ७५.७४८.८६.९१ असा पत्ता दिसतो आणि जाणकार प्रेक्षक तिथेच हसतात. ७४८? असा पत्ता जगात असूच शकत नाही.

दोन्ही कोड्यांची उकल महूतच सुरू करता येते, आणि तीही एका साध्या पोस्टकार्डापासून.

पिनकोडची सहा घरं

महूचा पिनकोड ४५३४४१. हे सहा अंक म्हणजे नुसता अनुक्रमांक नाही. पहिला ४ सांगतो की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या विभागात जायचं आहे. ४५ म्हटलं की मध्य प्रदेशाचा पश्चिम भाग आला. ४५३ म्हटलं की इंदूरभोवतीचा वर्गीकरण जिल्हा आला. उरलेले ४४१ हे महूच्या टपाल कार्यालयाचे.

यातली हुशारी अशी की प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला सगळे अंक वाचावे लागत नाहीत. चेन्नईच्या वर्गीकरण कर्मचाऱ्याला ४४१ शी काही घेणंदेणं नाही. तो सुरुवातीचे अंक पाहून थैली बदलतो. ४४१ चा विचार इंदूरच्या आसपास पोचल्यावर होतो.

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे कोकणातले आणि संस्कृतचे नावाजलेले कवी-नाटककार. त्यांच्या संस्कृतकडे पुढे पुन्हा वळायचं आहे.

इंटरनेटवरचा पत्ताही असाच आधी मुलूख आणि मग घर या क्रमाने बांधलेला असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. आयपी म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल, मराठीत सांगायचं तर जाळ्यातल्या देवाणघेवाणीचे ठरलेले नियम. आज सर्वाधिक परिचित असलेली त्याची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये नियमबद्ध झाली आणि १ जानेवारी १९८३ पासून इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अमेरिकेतलं आर्पानेट या नियमांवर चालू लागलं. पिनकोड आणि आयपी पत्ता यांत एक मोठा फरक आहे. पिनकोड दहाच्या हिशेबात बांधलेला आहे, तर आयपी पत्ता दोनच्या.

वाण्याची आठ वजनं

दोनचा हिशेब म्हणजे काय, हे आजीच्या पिढीला वेगळं सांगावं लागलं नसतं. किलो येण्यापूर्वी वाण्याच्या दुकानात छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर आणि शेर अशी वजनं असत. दोन छटाकांचा अदपाव, दोन अदपावांचा पावशेर, दोन पावशेरांचा अच्छेर, दोन अच्छेरांचा शेर. प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट.

अशी दुपटीची आठ वजनं घेऊ या : १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८. प्रत्येकाचा एकच नग. आता १६८ छटाक गूळ तोलायचा आहे. सर्वांत मोठ्या वजनापासून सुरुवात करायची. १२८ पारड्यात टाकलं, ४० उरले. ६४ जास्त होतं, ते बाजूला. ३२ टाकलं, ८ उरले. १६ बाजूला. ८ टाकलं, हिशेब पुरा. ४, २, १ यांना हात लावायची गरजच पडली नाही.

आता मोठ्या वजनाकडून लहानाकडे येत लिहायचं. पारड्यात असेल त्याच्या नावाने १, नसेल त्याच्या नावाने ०. तयार झालं १०१०१०००. हेच १६८ चं द्विमान रूप. ज्या लिखाणात फक्त ० आणि १ वापरतात ते द्विमान, आणि ० ते ९ असे दहा अंक वापरतात ते रोजचं दशमान. आकडा तोच, फक्त लिहिण्याची रीत वेगळी.

आठही वजनं पारड्यात टाकली तर बेरीज होते २५५. एकही टाकलं नाही तर ०. त्यामुळे आठ वजनांनी ० ते २५५ असे एकूण २५६ आकडे तोलता येतात, त्यापुढचा एकही नाही. 'द नेट'मधले ७४८ तोलायला पारड्यात वजनंच शिल्लक नाहीत. दुसरं कोडं इथे सुटलं.

संगणकवाले यातल्या प्रत्येक जागेला बिट म्हणतात आणि आठ बिटांच्या गटाला ऑक्टेट किंवा बाइट.

संगणकाने दहा अंकांऐवजी दोनच का पत्करले? तारेतून जाणारी वीज वाटेत क्षीण होते, तिच्यात खरखर मिसळते. तिच्या दहा पातळ्या अचूक ओळखणं अवघड. 'आहे की नाही' एवढं ओळखणं त्या मानाने सोपं. लष्करी संदेशवहनात हे फार पूर्वीपासून माहीत आहे. आरशावर ऊन घेऊन दूरच्या टेकडीकडे लकाकी पाठवणाऱ्या हेलिओग्राफचा सैनिक प्रकाशाच्या दहा छटा पाठवत नसे. तो उजेडाची उघडझाप करायचा. भारतीय सैन्याच्या सिग्नल्स दलाचं मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग महूतच आहे. तिथल्या प्रशिक्षणात आरशांची जागा आता संगणकांच्या जाळ्यांनी घेतली आहे, तरी खालचा पाया 'आहे' आणि 'नाही' एवढाच राहिला.

चार चरण, बत्तीस अक्षरं

आयपी पत्त्यात असे चार ऑक्टेट असतात. चार गुणिले आठ म्हणजे बत्तीस बिट. १९२.१६८.१.१ हा पत्ता राउटरच्या लेखी असा आहे :

११०००००० १०१०१००० ०००००००१ ०००००००१

शाळेत वृत्तं शिकलेल्या मराठी वाचकाला चार ओळी आणि प्रत्येकी आठ जागा हा साचा ओळखीचा वाटेल. अनुष्टुभ् छंदातल्या श्लोकाला चार चरण असतात, प्रत्येक चरणात आठ अक्षरं, एकूण बत्तीस. प्रत्येक अक्षर एकतर लघु किंवा गुरु. तिसरा पर्याय नाही. गुरूला १ आणि लघूला ० मानलं, तर १९२ चा चरण 'गा गा ल ल ल ल ल ल' असा होईल आणि १६८ चा 'गा ल गा ल गा ल ल ल'. खऱ्या अनुष्टुभात पाचवं अक्षर लघु, सहावं गुरु असली बंधनं असतात, म्हणून सगळ्याच रचना छंदात बसत नाहीत. आयपी पत्त्याला असली बंधनं नाहीत. तिथे चरणाच्या सगळ्या २५६ रचना चालतात.

हे साम्य योगायोगाचं आहे. मात्र त्यामागचं गणित योगायोगाचं नाही. दोनच पर्याय असलेल्या जागा ओळीने मांडल्या की एकूण किती रचना होतात, हा प्रश्न छंदशास्त्राने खूप आधी हाताळला होता. तीन अक्षरांच्या रचना आठ होतात, म्हणूनच य, म, त, र, ज, भ, न, स असे गण आठच आहेत. पिंगलाच्या छंदःशास्त्रात दोन उलटसुलट रीती आहेत. यादीतला क्रमांक दिला असता लघु-गुरूंची रचना शोधून काढणं म्हणजे 'नष्ट', आणि रचना दिली असता तिचा क्रमांक काढणं म्हणजे 'उद्दिष्ट'. नष्टासाठी पिंगल क्रमांकाला पुन्हा पुन्हा निम्मं करायला सांगतो. त्याची यादी सर्व गुरूंपासून आणि एकपासून सुरू होते, म्हणून तपशील थोडे निराळे आहेत. पण आज दशमानाचं द्विमान करताना शाळकरी मुलं जे निम्मं करत जातात, त्याच घराण्यातली ही रीत. युरोपात लायब्निट्सचा द्विमान अंकगणितावरचा निबंध १७०३ सालचा. पिंगलाने संगणक शोधला असं यातून सिद्ध होत नाही. तो श्लोक मोजत होता आणि मोजणी चोख होती, एवढंच.

आकड्यांची पिनकोड पद्धत आखणारे वेलणकर स्वतः संस्कृत छंदांत रमणारे होते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

करून पाहा : आकड्याचं द्विमान

३७ घ्या. निम्मं करत जा आणि दर वेळी बाकी लिहा.
३७ चे निम्मे १८, बाकी १.
१८ चे ९, बाकी ०.
९ चे ४, बाकी १.
४ चे २, बाकी ०.
२ चे १, बाकी ०.
१ चे ०, बाकी १.
बाक्या खालून वर वाचा : १००१०१. आठ जागा भरायला डावीकडे दोन शून्यं : ००१००१०१.
ताळा : ३२ + ४ + १ = ३७.

ठिपके कशासाठी?

खरं पाहता ठिपके माणसासाठी आहेत. यंत्राला बत्तीस जागांची सलग ओळ पुरते. ही ओळ माणसाने वाचायची म्हटली तर डोळे फिरतील, म्हणून आठ-आठ जागांचे चार तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा दशमानात लिहिला आणि मध्ये ठिपके दिले.

सगळी ओळ एकाच दशमान आकड्यात लिहिली तरी अडत नाही. मग ऑक्टेटना स्थानिक किंमत मिळते, जशी आपल्याकडे एकं, दहं, शतं यांना असते. फक्त इथे प्रत्येक घर आधीच्याच्या दहापट नसून २५६ पट असतं : उजवीकडून १, २५६, ६५,५३६ आणि १,६७,७७,२१६. या हिशेबाने १९२.१६८.१.१ म्हणजे ३,२३,२२,३५,७७७. गूगलच्या ८.८.८.८ या प्रसिद्ध पत्त्याचा एकसंध आकडा १३,४७,४४,०७२ होतो. पुष्कळ संगणकांवर 'पिंग' ही आज्ञा देऊन स्वल्पविरामांशिवाय हा आकडा इंग्रजी अंकांत टाकला, तर संगणक तो बिनतक्रार ८.८.८.८ असाच समजतो.

एक सावधगिरी मात्र हवी. दिसायला नीटनेटकं म्हणून १० च्या जागी ०१० लिहिण्याचा मोह होतो. पुष्कळ प्रणाली आरंभीच्या शून्याचा अर्थ 'हा आकडा आठच्या हिशेबात आहे' असा घेतात आणि ०१० ला ८ समजतात. पत्र शेजारच्या गल्लीत जातं.

कुंपण कुठे घालायचं?

पिनकोडमध्ये जिल्हा तिसऱ्या अंकानंतर संपतो, हे ठरलेलं आहे. आयपी पत्त्यात मुलूख कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होतं, हे प्रत्येक जाळ्यापुरतं वेगळं ठरवता येतं. बत्तीस जागांपैकी कुठेही कुंपण घालता येतं. ते कुठे आहे हे सांगण्यासाठी पत्त्याबरोबर दुसरा आकडा दिलेला असतो. त्याला सबनेट मास्क म्हणतात.

लॉजच्या वायफायवर तो २५५.२५५.२५५.० असा दिसेल. द्विमानात पाहिलं तर सुरुवातीला सलग चोवीस एक आणि पुढे आठ शून्यं. एक असलेल्या जागा मुलुखाच्या, शून्य असलेल्या घराच्या. यंत्र पत्ता आणि मास्क एकाखाली एक ठेवतं आणि दोन्हीकडे १ असेल तिथेच १ लिहितं. उरतं ते मुलुखाचं नाव. हाच मास्क कधी पत्त्यापुढे तिरकी रेघ मारून '/२४' असा थोडक्यात लिहितात.

आता समजा, एखाद्या शाळेने आपल्या संगणकांचे चार वेगळे गट करायचे ठरवले : कार्यालय, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि पाहुण्यांचं वायफाय. कुंपण दोन जागा उजवीकडे सरकवलं की झालं. मास्क होतो २५५.२५५.२५५.१९२, कारण ११०००००० म्हणजे १९२. दोन जागांच्या रचना चार, म्हणून गटही चार : ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५. प्रत्येक गटात ६४ पत्ते. त्यातला पहिला गटाच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव, म्हणून वापरायला ६२ उरतात. या शाळेत १९२.१६८.१.३७ आणि १९२.१६८.१.७० हे दिसायला शेजारी असले तरी वेगळ्या गल्लीतले आहेत. ३७ म्हणजे ००१००१०१ आणि ७० म्हणजे ०१०००११०. पहिल्या दोन जागा पाहा : एकाच्या ००, दुसऱ्याच्या ०१.

नेटवर्किंग शिकणारी मुलं बहुधा इथेच अडखळतात, कारण कुंपण द्विमानात घातलेलं असतं आणि ती ते दशमानात शोधत असतात. याचं ठळक उदाहरण म्हणजे १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे राखीव पत्ते. १६ ते ३१ ही कुठली विचित्र हद्द? द्विमानात लिहिलं की विचित्रपणा उरत नाही. १६ म्हणजे ०००१००००, ३१ म्हणजे ०००१११११. पहिल्या चार जागा दोन्हीकडे ०००१. कुंपण बाराव्या जागेनंतर आहे आणि पलीकडच्या जागांत काहीही भरा, मुलूख तोच राहतो.

द्वारा ५६ एपीओ

पहिलं कोडं अजून बाकी आहे. महू आणि नागपूर इथल्या दोन राउटरांचा पत्ता एकच कसा?

सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांतला मुलगा सैन्यात आहे, त्या घरांना याचं उत्तर पत्राच्या पाकिटावर सापडेल. जवान लडाखला असो वा राजस्थानात, पत्त्यावर त्या गावाचं नाव नसतं. नाव, हुद्दा, पलटण आणि खाली 'द्वारा ५६ एपीओ' किंवा 'द्वारा ९९ एपीओ'. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पिनकोड ९ ने सुरू होणारा. मुलकी टपालाचं काम पत्र सैन्याच्या टपालसेवेकडे सोपवण्यापुरतं. पुढे पलटण कुठे आहे, हे सैन्याच्या आतल्या नोंदींना ठाऊक.

घरचा राउटर असाच एक एपीओ चालवतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये पक्क्या झालेल्या नियमाने पत्त्यांचे तीन पट्टे खाजगी वापरासाठी राखून ठेवले : १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कुंपणाच्या आत कुणीही वापरावेत; बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना पत म्हणून नाही. प्रत्येक वाड्यात 'खोली क्रमांक १' असते आणि तरी कुणाचा गोंधळ होत नाही, तसंच हे.

लॉजवरच्या फोनने व्हिडिओ मागितला की राउटर मागणीच्या पाकिटावरचा खाजगी पत्ता खोडून आपला बाहेरचा पत्ता लिहितो आणि वहीत नोंद करतो की अमुक फोनची मागणी तमुक दारातून बाहेर पाठवली. या दारांना पोर्ट म्हणतात; त्यांचे क्रमांक सोळा बिटांचे असतात, म्हणजे एकूण ६५,५३६. उत्तर त्याच दाराशी परत आलं की राउटर वही पाहून ते योग्य फोनला देतो. या खोडाखोडीला नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजे पत्त्याचं भाषांतर, असं नाव आहे.

मोबाइल कंपन्या हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर करतात. २०१२ मध्ये त्यांच्यासाठी १००.६४ ते १००.१२७ हा वेगळा पट्टा राखला गेला. ६४ आणि १२७ द्विमानात लिहून पाहा. दोन्ही ०१ ने सुरू होतात. कुंपण तिथेच आहे.

नाव बदललं, आकडा तोच

महू हे मध्य भारतातल्या जुन्या छावण्यांपैकी एक. होळकर आणि इंग्रज यांच्यात १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, त्यानंतर ही छावणी वसली. महू हे नाव 'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर' याची आद्याक्षरं आहेत ही लोकप्रिय समजूत मागाहून रचलेली. २००३ मध्ये गावाचं अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर झालं. रेल्वे स्थानकानेही ते घेतलं. पिनकोड मात्र ४५३४४१ च राहिला. पत्रावर महू लिहा की डॉ. आंबेडकर नगर, थैली त्याच कार्यालयात उघडते.

इंटरनेटवरही नाव आणि आकडा अशी दुहेरी व्यवस्था आहे. माणूस संकेतस्थळाचं नाव टाइप करतो. डोमेन नेम सिस्टिम नावाची जगभर पसरलेली नोंदवही त्या नावापुढचा आकडा शोधून देते. इथे बहुधा उलटं घडतं. संकेतस्थळाचं नाव वर्षानुवर्षं तेच राहतं आणि मागचा आकडा बदलत राहतो.

पत्ते संपले, मग?

बत्तीस जागांत एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ रचना होतात. पृथ्वीवरची माणसं आठशे कोटींहून अधिक. म्हणजे माणशी एक पत्ताही नाही. इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ, यांनी पुढे सांगितलं आहे की बत्तीसचा निर्णय एका प्रयोगापुरता घेतला होता. तो प्रयोग संपलाच नाही. त्यातून सुरुवातीला वाटपही सढळ हाताने झालं. १७ ने सुरू होणारे सगळे पत्ते, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६, एकट्या अ‍ॅपल कंपनीकडे आहेत.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे पाच गठ्ठे पाच विभागीय संस्थांना दिले गेले आणि कोठार रिकामं झालं. भारत ज्या आशिया-पॅसिफिक विभागात येतो, तिथल्या संस्थेने त्याच वर्षी १५ एप्रिलपासून उरलेला शेवटचा गठ्ठा मोजून मापून द्यायला सुरुवात केली.

त्यावरचा उपाय म्हणजे सहावी आवृत्ती. तिचा पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे सरळ चार अनुष्टुभ् श्लोकांएवढा. तो दशमानात लिहायचा तर सोळा ऑक्टेट होतील, म्हणून लिहिण्याची रीतच बदलली. चार-चार बिटांचा एक गट केला. चार बिटांच्या रचना सोळा, म्हणून अंकही सोळा : ० ते ९ आणि पुढे ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे येईपर्यंत सोळा आण्यांचा रुपया मोजणाऱ्या पिढीला सोळाचा हिशेब परका वाटला नसता : पंधरा आण्यांपर्यंत मोजा, सोळाव्याला रुपया. या रीतीने १२८ बिटांचा पत्ता बत्तीस चिन्हांत मावतो. पुन्हा बत्तीसच.

६ जून २०१२ रोजी जगातल्या मोठ्या संकेतस्थळांनी आणि सेवापुरवठादारांनी ही आवृत्ती कायमची सुरू केली. भारतात तिचा प्रसार मुख्यतः मोबाइलच्या जाळ्यांवरून झाला आणि या बाबतीत देश आज जगात आघाडीवर आहे. महूच्या लॉजवर उतरलेल्या लेकीच्या फोनमध्ये सेटिंग आणखी खाली सरकवली, तर अपूर्णविरामांनी तोडलेला हा लांबलचक पत्ताही बहुधा दिसेल.

थोडक्यात

• चौथ्या आवृत्तीचा आयपी पत्ता म्हणजे ३२ जागांची एक ओळ. प्रत्येक जागी ० किंवा १.
• माणसाच्या सोयीसाठी तिचे आठ-आठ जागांचे चार तुकडे करून दशमानात लिहितात.
• आठ जागांत ० ते २५५ एवढेच आकडे बसतात.
• पत्त्याचा डावा भाग मुलूख, उजवा भाग घर. कुंपण कुठे आहे ते मास्क सांगतो.
• १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे पट्टे खाजगी. ते घरोघरी पुन्हा पुन्हा वापरले जातात.
• सहाव्या आवृत्तीचा पत्ता १२८ जागांचा असतो आणि तो सोळा अंकांच्या रीतीने लिहितात.

उलटा प्रयोग

आयपी पत्त्याची कुंपणं दशमानात का दिसत नाहीत, याची खात्री हवी असेल तर प्रयोग उलटा करून पाहावा. महूचा पिनकोड, ४५३४४१, निम्मं करत करत द्विमानात उतरवावा. एकोणीस पायऱ्या लागतात आणि हाती येतं :

११०१११०१०११०१०००००१

पोस्टमनला जो ४५३ पाहता क्षणी कळतो, तो इंदूरचा वर्गीकरण जिल्हा या ओळीत कुठे संपतो, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. ते कुंपण दहाच्या हिशेबात घातलेलं आहे.